सोळा हातांची काठी

१

दुपारच्या झोपेतून गाव उठायच्या आत पुलाची काठी नाहीशी झाली.

मला ती बातमी टोफूवाल्या शियांगनीकडून कळली, म्हणजे उशिराच कळली म्हणायचं. कचेरीच्या दारातूनच ती ओरडली, "रोंगताई, ती भांडणं ठेवा बाजूला! वू मिस्त्रींची काठी चोरीला गेली!"

गावातली भांडणं मिटवायचं काम माझं; मी हातातला शिक्का तसाच टाकला आणि निघाले.

ज्यांनी फक्त सिमेंटचे पूल पाहिलेत त्यांना एका काठीसाठी एवढं काय ते कळणार नाही, म्हणून सांगते. सिमेंटवाल्यांना पूल बांधायला नकाशांची भेंडोळी लागतात. आम्हा डोंगरातल्या दोंग लोकांना एक बांबू पुरतो. मिस्त्री अख्खा पूल आधी डोक्यात बांधतो. मग सोळा हात लांबीचा बांबू मधोमध उभा चिरतो, त्यातल्या एका भागाची पाठ तासतो आणि तिच्यावर शाईने खुणा करतो: कुठली खाच किती उंचीवर, कुठला खांब कुठे संपला. त्या खुणा तो आणि त्याचा शिष्य सोडून कुणाला वाचता येत नाहीत. एकही खिळा न मारता सगळा पूल त्या एका काठीवरून उभा राहतो. हे सांगताना माझी छाती फुगते, आणि फुगू दे.

आमचा जुना पूल दोन वर्षांपूर्वी पुराने नेला. नवा जवळजवळ झाला होता. आमच्या पुलांना वर छप्पर असतं; त्याच्या छत्रीचे चार खांब आणि त्यांवर बसणारं आढं, एवढंच राहिलं होतं. आढं चढवायचा मुहूर्त पाच दिवसांवर होता. आणि कचेरीचे प्रमुख सू साहेब सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "मुहूर्ताला आढं चढलं नाही, तर मी सिमेंटच्या पुलावर सही करतो. चौदा खेड्यांची पोरं मी किती दिवस तराफ्यावरून शाळेत पाठवू?" त्यांचंही चुकत नव्हतं.

नदीकाठच्या हत्यारांच्या खोलीपाशी ही गर्दी जमली होती. वू मिस्त्रींचा शिष्य लुंग पेइसुंग उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. पन्नाशीचा बाप्या, पण लहान पोरासारखा दिसत होता.

"जेवायला जाताना मीच कुलूप लावलं, ताई. परत येऊन मीच उघडलं. काठी नाही."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात, एक गुरुजींच्या कमरेला."

कुलूप शाबूत होतं. खोलीला खिडकी नव्हती. आत भिंतीलगत काठीची जागा रिकामी होती, आणि जमिनीवर ते लाल कापड पडलं होतं, ज्यात काठी गुंडाळून ठेवत. पडलं होतं हेही खरं नाही. ते ठेवलं होतं. चौपदरी घडी घालून, काठाला काठ जुळवून.

मी एकतीस वर्षं या डोंगरांत टपाल वाटलं. कुणाच्या घरात कोण कशी घडी घालतं इथपर्यंत मला माहीत असतं. चोराने मात्र घडी घातलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

२

त्या खोलीतून बाहेर पडायला दोनच वाटा. एक नदीच्या घाटावरून, जिथे बाया दिवसभर कपडे बडवतात. दुसरी वडापाशी, जिथे म्हातारे पत्ते कुटतात. सोळा हात लांबीची काठी काय खिशात घालून नेता येते? कुणीतरी पाहिलेलीच असणार.

"नाही पाहिली," म्हातारे म्हणाले. "आम्ही कुणी झोपलो नव्हतो. हा एकटा झोपला होता, तरी जिंकला."

घाटावरही तेच. मी एकेकीला उभं करून विचारलं, दुपारी या वाटेने कोण कोण गेलं ते सगळं सांगा.

"कोण जाणार? बदकं हाकत तो लंगडा गेला. शेणाच्या टोपल्या घेऊन त्याची सून गेली. युएहे काकू पाण्याच्या पन्हळीचा बांबू घेऊन गेल्या. आणि तो सिमेंटवाला तान, नदीकडे बघत, शीळ घालत."

"त्याच्या हातात काय होतं?"

"सिगारेट."

मी सगळं वहीत लिहून घेतलं आणि सरळ तानला गाठलं. तान जिल्ह्याच्या गावचा ठेकेदार, नवे बूट घालून चिखलात फिरणारा. गावाने त्याला आधीच चोर ठरवून टाकलं होतं.

"बाई, मी सिमेंट विकतो, बांबू नाही," तो म्हणाला. "मला तर वाटत होतं ती काठी म्हणजे पडदा लावायची. आणि दुपारभर मी सू साहेबांसोबत जेवत होतो. विचारा."

विचारलं. खरं होतं. घाटावरून गेला तो थेट साहेबांच्या टेबलावर, आणि तिथून उठला तो गलका ऐकूनच. मला जरा वाईटच वाटलं. चोर बाहेरचा निघाला असता तर किती बरं झालं असतं!

संध्याकाळच्या आत मी वू मिस्त्रींच्या घरी पोचले. युएहे काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तेल-चहा केला होता. भाजलेला भात आणि शेंगदाणे वर तरंगत होते. काकूंनी वाडगा मिस्त्रींच्या दोन्ही हातांत नीट दिला, तेव्हाच सोडला.

"ये गं रोंग," ते म्हणाले. "तुझ्या पायांचा आवाज अजून टपालवालीचाच आहे. वेणी काय राखली आहेस! या वयातही कमरेपर्यंत. आजकालच्या पोरींना दाखव म्हणावं."

मी हसले आणि मानेवरून हात फिरवला. काकू चुलीकडे वळल्या.

"किल्ली तुमच्या कमरेलाच होती ना, काका?"

"होती. जेवलो, आडवा झालो, उठलो. तेव्हाही होती." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "काठी गेली तर गेली. पुलाचे आकडे माझ्या डोक्यातून कोण चोरणार? नवा बांबू तोडा. परवा सकाळी मी स्वतः आखतो, सगळ्यांसमोर. पेइसुंगला सांग, शाई घोटून ठेव."

दारात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा आमचा पहाड आहे, असं कुणीतरी म्हणालं, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

फक्त एका माणसाने टाळी वाजवली नाही. पेइसुंगचा चेहरा पांढराफटक पडला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुलावर गेले. छत्रीचे ते चार खांब ओळीने आडवे पडले होते. तासलेले, गुळगुळीत, पण एकालाही खाच पाडलेली नव्हती. खाली ताजा भुसा नाही, चिरफळ्या नाहीत.

शेजारी पेइसुंग पटाशीला धार लावत बसला होता.

"किती दिवस धार लावतोयस रे?" मी विचारलं.

"चार."

"काल दुपारपर्यंत काठी होती. मग आधीचे तीन दिवस खाचा का नाही पाडल्या?"

त्याचा हात थांबला. मग तो उठला, पटाशी खाली ठेवली आणि म्हणाला, "चला कचेरीत. सांगतो."

कचेरीत सू साहेबांसमोर तो ताठ उभा राहिला. "काठी मीच घेतली. मला गुरुजींचा मत्सर वाटला. पूल त्यांच्या नावावर जाणार आणि घाम माझा. मीच जाळून टाकली."

सू साहेब खुर्चीतून उठलेच. बाहेर खिडकीला कान लावून बसलेल्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. बारा वर्षांचा असल्यापासून ज्याने वू मिस्त्रींच्या ताटातलं खाल्लं, तो हा!

"कुठे जाळलीस?" मी विचारलं.

"डोंगरावर. माझ्या शेताच्या वर."

"कशी जळली?"

"कशी म्हणजे? बांबू जळतो तशी. फटाफट फुटत."

मी वही मिटली. सू साहेब शहरातले, त्यांना काही वावगं वाटलं नाही. पण खिडकीबाहेरच्या शिव्या एकदम थांबल्या. बांबूत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अख्खा बांबू पेरापेरांत कोंडलेल्या हवेने फुटतो. उभा चिरलेला बांबू काय फुटणार? तो गवतासारखा मुकाट जळतो.

लुंग पेइसुंग खोटं बोलत होता. त्याने ती काठी जाळलेली नव्हती, आणि कुणासाठी तरी तो स्वतःचं नाव जाळायला निघाला होता.

४

"मला एक सांग," मी शियांगनीकडे टोफू घेताना म्हणाले, "काल दुपारी तुला काही वेगळं दिसलं?"

"दिसलं काही नाही. पण माझं पाणी तुटलं! ऐन दही धरायच्या वेळेला. थोडाच वेळ, मग परत आलं. मेल्यांनो पन्हळ बदलायची तर सांगून तरी बदला."

आमच्या वरच्या आळीला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं ते चिरलेल्या बांबूंच्या पन्हळींतून, एकीच्या तोंडाशी दुसरी लावलेली. पन्हळ कुजली की ज्याच्या घराजवळची असेल तो बदलतो. त्यात नवल काहीच नाही. टोफूचा पुडा हातात घेऊन मी दहा पावलं गेले आणि मग तिथेच थांबले.

माझी वही मी उघडलीसुद्धा नाही. तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: युएहे काकू, पन्हळीचा बांबू.

मी सरळ वू मिस्त्रींच्या घरामागच्या परसात गेले. वालाचे वेल वर चढत होते. त्यातला एक वेल ज्या काठीवर चढवला होता, ती होती अर्धा चिरलेला बांबू, आणि तिच्या पोटात हिरवंगार शेवाळ. धड, न कुजलेली पन्हळ काढून कुणी वालाला टेकू लावत नाही.

मग मी कुंपणापलीकडे गेले. पाण्याची रांग उतारावरून येत होती. सगळ्या पन्हळी काळपट, एकच पिवळी. पाणी तिच्यातून आनंदाने उड्या मारत चाललं होतं. मी चिखलात गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि तिच्याखाली डोकं घातलं.

तिच्या पाठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शाईच्या खुणा होत्या. पाझरणाऱ्या जागांमधून ओघळणारं पाणी माझ्या गालावर पडत होतं. चीड झाडाच्या काजळीची शाई एक रेघही फिकी झाली नव्हती.

"कपडे भिजतील, बाई," मागून आवाज आला.

युएहे काकू टोपली घेऊन उभ्या होत्या.

५

"भर दुपारी खांद्यावर टाकून नेलीत," मी उठत म्हणाले. "घाटावरून. सगळ्यांच्या देखत."

"कुणी विचारलंही नाही. एक म्हणाली, पन्हळ का काकू? मी म्हटलं, हो गं." त्या टोपली उलटी करून तिच्यावर बसल्या. "लाल कापडात असली की काठी. खांद्यावर असली की बांबू."

आम्ही सगळे लाल कापड शोधत होतो. मीसुद्धा. चौदा गावांत स्वतःला हुशार म्हणवून घेणारी मी!

"किल्ली काका झोपल्यावर काढलीत. कापडाची घडी घातलीत, कारण चुरगळलेलं टाकून यायला तुमच्या हाताला जमेना. आणि पेइसुंगने काल ते कापड पाहिलं तेव्हाच ओळखलं. चाळीस वर्षं त्याचे कपडे याच हातांनी घडी केलेत."

"त्या गाढवाने कबुली दिली म्हणे."

"तुमच्यासाठी. आणि काकांसाठी." मी त्यांच्याजवळ बसले. "काठी चुकलेली आहे ना, काकू?"

काकूंनी त्या पिवळ्या पन्हळीवर हात ठेवला.

"मला कुठे वाचता येते? पण परवा मी कामावर शिदोरी घेऊन गेले तेव्हा पेइसुंग त्या चार खांबांपाशी बसला होता. काठी लावायचा, उचलायचा. परत लावायचा. हत्यार काही उचलेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी. तेव्हा मी समजले. म्हाताऱ्याला गेल्या हिवाळ्यापासून दिसत नाही, रोंग. समोरच्या माणसाची सावली दिसते, बाकी अंदाज. शेवटच्या खुणा त्याने त्यानंतर केल्या."

"पेइसुंगने सांगायचं होतं."

"गुरू जिवंत असताना त्याच्या काठीवर दुसऱ्याची शाई पडत नाही. तुम्ही चुकलात म्हणायची पद्धत नाही आमच्यात. तो मेला असता पण बोलला नसता. आणि चुकीच्या खाचा पाडल्या असत्या तर आढं सगळ्या गावासमोर बसलं नसतं. एकोणीस पूल बांधले त्याने. विसावा त्याचं तोंड काळं करणार?" त्यांनी बाहीने डोळे पुसले. "वाटलं, काठी हरवली तर नवी आखायला वेळ नाही म्हणून तो नुसते आकडे सांगेल आणि पेइसुंग थेट खांबांवर रेघा मारेल. पण मेला हट्टी! म्हणे मी स्वतः आखतो. उद्या सगळ्यांसमोर पुन्हा चुकणार."

मी पंधरा वर्षं भांडणं मिटवते. त्या क्षणी मला एकही युक्ती सुचली नाही. खोटं सांगून काठी सापडल्याचं दाखवावं, तर तीच चुकलेली. खरं सांगावं तर म्हातारा खचणार.

मी घरात गेले. वू मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होते. न अडखळता, एकामागून एक. ते ऐकून मला एकदम धीर आला.

"काका," मी म्हणाले, "माझी वेणी मी गेल्या महिन्यात कापली."

त्यांचे आकडे थांबले.

"किती कापलीस?" त्यांनी विचारलं.

"मानेपर्यंत. अख्ख्या गावाने नावं ठेवली."

"आणि त्या काठीवर मी किती चुकलोय?"

"पेइसुंगने चार खांबांना हत्यार लावलेलं नाही. यापलीकडे मला वाचता येत नाही."

मी दार ओढून बाहेर आले, आणि उद्या काय होणार ते मला खरंच माहीत नव्हतं.

६

सकाळी पुलावर सगळं गाव लोटलं. नवा बांबू दोन बाकांवर ठेवला होता. शाई घोटून तयार होती. गर्दीच्या कडेला पेइसुंग खाली मान घालून उभा, त्याच्या आजूबाजूला चार हात मोकळे. सू साहेब घड्याळ बघत होते. तानही आला होता.

काकूंनी रात्रीच सगळं सांगितलं असणार; वू मिस्त्री त्यांचा हात धरून आले. मग हात सोडला.

"ऐका," ते म्हणाले. "काठी चोरीला गेलेली नाही. ती आमच्या घरी आहे, आणि ती चुकलेली आहे. चुकवली मी. माझे डोळे गेलेत."

सू साहेबांनी घड्याळावरची नजर वर केली.

"पेइसुंगने काही जाळलेलं नाही. त्याला खोटं बोलायला मी कधी शिकवलं नाही, म्हणून त्याला ते जमलं नाही." आता लोक हसले, आणि पेइसुंगने मान वर केली. "डोळे गेले. पूल गेलेला नाही. तो इथे आहे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "पेइसुंग, ये. लेखणी घे."

"गुरुजी, तुमच्या देखत मी कसा..."

"मला दिसत नाही म्हटलं ना आत्ता? मग देखत कसलं? घे!"

मग वू मिस्त्री बोलू लागले. पायापासून सुरुवात करून, खांब, खाच, वासा, पुन्हा खांब. एक आकडा अडखळला नाही. पेइसुंग रेघा मारत गेला. दोनशे चौदा खुणा. सूर्य डोक्यावर आला तरी एक माणूस जेवायला हलला नाही. सू साहेबांनी घड्याळ कधी खिशात टाकलं ते त्यांनाही कळलं नसेल.

मी जुनी काठी पन्हळींच्या रांगेतून काढून आणली, आणि घाटावरच्या बायांना काकूंचा तो बांबू आठवला. पेइसुंगने दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. दोनशे तेरा खुणा केसाचाही फरक न होता जुळल्या. फक्त जुन्या काठीवर छत्रीच्या खाचेची एक खूण दोन बोटं खाली होती. आकडा बरोबर होता. हात शेजारच्या रेघेवर पडला होता, एवढंच.

मुहूर्ताच्या दिवशी आढं वर गेलं. शंभर माणसांनी दोर ओढले. ते चार खांबांच्या खाचांवर आलं, क्षणभर तरंगलं, आणि धप्प असा एकच आवाज करून बसलं. पाचर नाही, ठोकाठोकी नाही. तान शिडीवर चढला, खिशातून दाढीचं पातं काढलं आणि सांध्यात घालून पाहिलं. चारही बाजूंनी. शेवटी पातं परत खिशात घालून खाली आला आणि सू साहेबांना म्हणाला, "साहेब, माझी सिमेंटची पोती दुसरीकडे पाठवतो."

गाव असं ओरडलं की नदीवरची बदकं उडाली.

मग आढ्याच्या पोटावर बांधणाऱ्याचं नाव लिहायचं; आमच्या लिपीत एका नावाला तीन अक्षरं. पेइसुंग परांचीवर पाठीवर झोपून लिहू लागला, आणि वू मिस्त्री खाली मान वर करून उभे राहिले, जसं काही त्यांना दिसतच होतं.

"किती अक्षरं झाली?" त्यांनी विचारलं.

"तीन, गुरुजी. तुमचं नाव."

"तुझं?"

वरची लेखणी थांबली.

"लिही. आढं तुझ्या हाताने बसलंय."

पेइसुंगने लिहिलं. फार वेळ लागला त्याला, आणि वरून शाईशिवाय आणखीही काही थेंब पडले.

"सहा झाली," तो म्हणाला.

"आता तिचं लिही," वू मिस्त्री म्हणाले.

"कुणाचं?" युएहे काकू घाबरल्या. "अहो, काहीतरीच! बाईचं नाव आढ्यावर? लोक काय म्हणतील? पेइसुंग, खाली उतर आधी!"

लोक काय म्हणतात ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. वडापाशी पत्ते कुटणारे म्हातारे एकेक करून उठून उभे राहत होते, आणि घाटावरच्या सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या.

"लियांग युएहे," वू मिस्त्री वर बघून मोठ्याने म्हणाले. "ठळक लिही. मला इथून वाचता आलं पाहिजे."